अडलेला एक्सल आणि डोळ्यातला कण

पावसाळा ओसरून धानकापणीचे दिवस जवळ आले, की गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागातील मुलचेरा तालुक्यात अंगणाअंगणात सायकली उलट्या टाकलेल्या दिसू लागतात. सीट आणि हँडल जमिनीवर, दोन्ही चाके वर. चार महिने ही सायकल चिखलातून, नाल्याच्या पाण्यातून आणि धानाच्या बांध्यांवरून चाललेली असते. आता तिचे चाक कुरकुरते, डुगडुगते, नाही तर जाम होऊन बसते. घरातला कोणी तरी पाना घेऊन बसतो. बाहेरचे नट कसेबसे सुटतात, पण चाकाच्या मधोमध असलेला एक्सल काही केल्या हलत नाही. मग हातोडा येतो. शाळेत जाणारी मुलगी किंवा मुलगा चाक दोन्ही हातांनी धरून समोर बसतो आणि ठोकाठोकी सुरू होते.

या चित्रात धोका कुठे आहे, असे विचारले तर बहुतेक जण गंजाकडे बोट दाखवतील. ‘गंजके लोखंड लागले तर धनुर्वात होतो’ हे वाक्य घरोघरी ठाऊक आहे. पण या कामातला सर्वांत मोठा धोका गंजाचा नाही. तो हातोड्याच्या घावाखाली आहे. लोखंडावर लोखंड आपटताना उडालेला, मोहरीहूनही बारीक असा एक कण डोळ्यात शिरतो आणि कधी कधी त्या डोळ्याची दृष्टी कायमची जाते. कामावर हातोडा मारणारा एकटा नसतो. चाक धरून बसलेल्या मुलाचे डोळे तर नेमके एक्सलच्या पातळीवर असतात.

सायकल दुरुस्त करू नका, असे सांगण्यात अर्थ नाही. या भागात सायकल ही चैन नाही. लगाम, सुंदरनगर, विवेकानंदपूर यांसारख्या गावांतून बाजारहाट, शेत, दवाखाना आणि शाळा यांना ती जोडते. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. २०२२ मध्ये ते साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये करण्यात आले. अशी सायकल आठ दिवस बंद पडली, तर मुलीची शाळाही आठ दिवस बुडू शकते. म्हणून एक्सल निघाला पाहिजे, पण डोळे सांभाळून.

लोखंड पुन्हा दगड होते

सायकलच्या चाकाच्या मध्यभागी जो पोकळ नळा असतो तो हब. त्याच्या आरपार जाणारी, दोन्ही टोकांना आटे असलेली पोलादी दांडी म्हणजे एक्सल. बैलगाडीत जो आस, तोच इथे एक्सल. हबच्या दोन्ही तोंडांशी एकेक वाटी बसवलेली असते. त्या वाटीत छर्रे असतात आणि छर्‍यांना आत दाबून धरणारा, एक्सलवर आट्यांनी फिरत जाणारा तुकडा म्हणजे कोन. मागच्या चाकात कोन जागेवरून हलू नये म्हणून त्यावर वायसर आणि आणखी एक चेक नटही असतो. एक्सल स्थिर राहतो, चाक छर्‍यांवर फिरते. ही युक्ती दीडशे वर्षांहून जुनी आहे. १८६९ मध्ये पॅरिस ते रूआँ ही शर्यत जेम्स मूर या सायकलस्वाराने जिंकली, तेव्हा त्याच्या सायकलच्या चाकांत असेच छर्रे बसवलेले होते.

छर्‍यांभोवती ग्रीस असते. ते घर्षण कमी करते, तसेच पाणीही बाहेर ठेवते. सायकल नाल्याच्या पाण्यातून गेली, हब बुडाला, की थोडे पाणी आत शिरते आणि ग्रीस हळूहळू पांढरट, पातळ होऊन धुपून जाते. मग ओलावा उघड्या पोलादापर्यंत पोहोचतो. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज तयार होतो. क्षार असतील तर ही क्रिया आणखी वेगाने होते. कॅरिअरवरून खताचे पोते नेताना सांडलेले खत चाकाच्या मध्यापर्यंत पोहोचते आणि आगीत तेल ओतल्यासारखे होते.

गंज म्हणजे लोखंडाचे ऑक्साइड. शेजारच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरात जे लोहखनिज आहे, तेही लोखंडाचे ऑक्साइडच. खनिजातून प्राणवायू काढून टाकण्यासाठी भट्टीत प्रचंड उष्णता द्यावी लागते, तेव्हा पोलाद हाती येते. पावसाळ्यात अंगणात पडलेली सायकल तो उलटा प्रवास फुकटात करते. तिचे लोखंड पुन्हा दगड होऊ लागते.

अडचण अशी, की गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. जेवढे लोखंड गंजते, त्याच्या दुपटीहून अधिक, कधी कधी सहापटीपर्यंत जागा त्याचा गंज व्यापतो. कोन आणि एक्सल यांच्या आट्यांमधली फट केसाएवढी असते. ती फट गंजाने ठासून भरते आणि दोन्ही तुकडे एकमेकांत पाचर मारल्यासारखे अडकतात. म्हणजे एक्सल ‘चिकटलेला’ नसतो, तो आवळलेला असतो. हे समजले की हातोडा का चालत नाही, तेही समजते. हातोड्याचा घाव दांडीच्या लांबीच्या दिशेने बसतो आणि कोनाचे आटे तो घाव पुढे जाऊ देत नाहीत. उलट त्या घावाने एक्सलचे टोक चेपते, आटे मोडतात, आणि जो नट सहज निघाला असता तोही अडकून बसतो.

कण उडतो कसा

पोलाद जितके कठीण, तितके ते ठिसूळ. छर्रे, कोन आणि वाटी यांचे पोलाद मुद्दाम उष्णता देऊन कडक केलेले असते, नाही तर ते महिनाभरात झिजले असते. हातोड्याचे तोंडही असेच कडक असते. दोन कडक पृष्ठभाग जोराने एकमेकांवर आदळले की ते चेपत नाहीत. त्यांच्या कडेची बारीक कपची सुटते आणि गोफणीतल्या दगडासारखी भिरकावली जाते. जुन्या छिन्नीचे डोके घाव खाऊन खाऊन कडेने फुलासारखे पसरलेले असते. त्या पसरलेल्या कडा तर केव्हाही तुटायला तयार असतात.

अशा वेळी माणसाचा चेहरा कामापासून हातभर अंतरावर असतो. पापणी मिटायला सेकंदाचा सुमारे दहावा भाग लागतो. कण त्याच्या कितीतरी आधी पोहोचलेला असतो. ‘मी डोळे मिटून घेतो’ किंवा ‘मी मान वळवून ठोकतो’ या सवयींवर म्हणूनच भरवसा ठेवता येत नाही.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. कण मंद असेल तर तो या पडद्यात रुतून बसतो. वेगवान आणि धारदार असेल तर पडदा भेदून आत जातो आणि नेत्रमणी ओलांडून थेट डोळ्याच्या मागच्या भागापर्यंत पोहोचतो. हातोड्याने धातूवर धातू ठोकणे हे डोळ्याच्या आत परकी वस्तू शिरण्याचे जगभरातले एक प्रमुख कारण आहे. वर्कशॉप, दगडखाण, शेती आणि घरचे अंगण, सगळीकडे गोष्ट तीच.

डोळ्यात गेलेले लोखंडही गंजते

पडद्यात रुतलेला कण लगेच त्रास देतो. खुपते, पाणी येते, उजेड सहन होत नाही. काही तासांतच त्या कणाभोवती तपकिरी कडे तयार होते. हे कडे गंजाचे असते. अश्रूंमध्ये पाणीही आहे आणि क्षारही. एक्सलच्या आट्यांत जे चार महिन्यांत घडले, ते डोळ्याच्या पडद्यावर एका रात्रीत सुरू होते. नुसता कण निघाला आणि कडे तसेच राहिले, तर जखम भरायला वेळ लागतो. म्हणून नेत्रतज्ज्ञ दोन्ही काढतात.

आत शिरलेला कण मात्र फसवा असतो. तो इतका बारीक आणि वेगवान असतो, की जाताना जेमतेम टोचल्यासारखे वाटते. जखम आपोआप मिटते. थोडी लाली येते, ती दोन दिवसांत जाते. दृष्टी पहिले काही दिवस जवळपास नेहमीसारखी असू शकते. ‘काही तरी उडाले होते, पण निघून गेले असेल’ असे वाटून माणूस कामाला लागतो.

इथून दोन वाटा फुटतात. पहिली वाट जंतुसंसर्गाची. कणाबरोबर शेतातली माती आत गेली असेल, तर मातीतले काही जंतू एक-दोन दिवसांत सगळा डोळा निकामी करू शकतात. अशा वेळी दुखणे झपाट्याने वाढते, पापण्या सुजतात, दिसणे मंदावते. दुसरी वाट संथ आहे. आत राहिलेले लोखंड विरघळू लागते. त्याचे अणू नेत्रमण्यात, बुबुळाच्या रंगीत भागात आणि मागच्या संवेदनशील पटलात साठत जातात आणि तिथल्या पेशींना विषासारखे जाळतात. आधी रात्रीचे कमी दिसू लागते. मग बाजूचे दिसणे आकसते, मोतीबिंदू होतो, बुबुळाचा रंग दुसऱ्या डोळ्यापेक्षा गडद तपकिरी दिसतो. हे व्हायला काही आठवडे लागतात, कधी काही वर्षे. तोपर्यंत ती ठोकाठोकी कोणाच्या लक्षातही नसते.

लोखंड चुंबकाला चिकटते, याचा उपयोग डोळ्यासाठी करण्याची कल्पना फार जुनी आहे. सतराव्या शतकात मारी कोलिने या स्त्रीने, शल्यचिकित्सक असलेल्या आपल्या नवऱ्याला रुग्णाच्या डोळ्यातला लोखंडाचा तुकडा चुंबकाने काढण्याचा मार्ग दाखवला, अशी नोंद त्याने स्वतः करून ठेवली आहे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत युलिउस हिर्शबर्ग यांनी विद्युतचुंबक वापरला. आज सूक्ष्मदर्शकाखाली बारीक उपकरणांनी ही शस्त्रक्रिया होते. ती जितकी लवकर होईल, तितका डोळा वाचण्याचा संभव जास्त. मुलचेऱ्यासारख्या ठिकाणाहून त्यासाठी मोठ्या शहरापर्यंत जावे लागते, म्हणून पहिले काही तास वाया घालवणे परवडत नाही.

कण उडाला तर काय करावे

ठोकताना डोळ्यात काही गेल्यासारखे वाटले, तर डोळा चोळू नये. चोळल्याने वरवरचा कण खोल रुततो आणि आतली जखम फाकते. काडीने, सुईने, रुमालाच्या टोकाने किंवा जिभेने कण काढायचा प्रयत्न करू नये. डोळ्यात मध, दूध, तूप, वनस्पतींचा रस घालू नये. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले थेंबही नकोत. त्यांपैकी काहींमध्ये स्टेरॉइड असते आणि जखम झालेल्या डोळ्यात त्यामुळे बुरशीचा संसर्ग बळावतो.

वाऱ्याने धूळ गेली असेल तर स्वच्छ पाण्याने डोळा धुणे ठीकच आहे. पण लोखंडावर लोखंड ठोकताना जोराने काही लागले असेल, तर डोळ्याला आरपार जखम झाली असे धरूनच चालावे. अशा डोळ्यावर पाण्याचा मारा करू नये, घट्ट पट्टी बांधू नये. चहाच्या कागदी कपाचा तळ कापून तो डोळ्यावर झाकणासारखा ठेवावा आणि कपाळाला व गालाला चिकटपट्टीने चिकटवावा. कपाचा स्पर्श डोळ्याला होता कामा नये, कडा फक्त हाडावर टेकाव्यात. तुकडा बाहेर दिसत असेल तरी तो ओढू नये. शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता असल्याने डॉक्टरांनी तपासेपर्यंत खाणे-पिणे टाळावे.

मग जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जावे. तिथून पुढे अहेरीचे उपजिल्हा रुग्णालय, गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय आणि गरज पडल्यास नागपूर, असा प्रवास करावा लागू शकतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून चालते, तिचा उपयोग करावा.

डॉक्टरांना ‘डोळ्यात कचरा गेला’ असे सांगू नये. ‘हातोड्याने लोखंड ठोकत होतो आणि काही तरी उडाले’ असे स्पष्ट सांगावे. या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते. आत लोखंड आहे का, हे एक्स-रे किंवा सीटी स्कॅनने कळते. एमआरआय मात्र अशा रुग्णाचा करत नाहीत, कारण त्या यंत्रातल्या शक्तिशाली चुंबकाने डोळ्यातला कण सरकून आणखी इजा होऊ शकते. कधी काळी असा कण डोळ्यात गेल्याची शंका असेल, तर पुढे कोणत्याही आजारासाठी एमआरआय करण्यापूर्वी ती गोष्ट आवर्जून सांगावी.

हातोड्याशिवाय एक्सल कसा काढावा

आट्यांत आवळलेला एक्सल तीन गोष्टींना वश होतो: तेल, वेळ आणि लांब दांड्याचा पाना. घाई करणाऱ्याच्या हाती यातले काहीच नसते.

चाक चिमट्यातून सोडवून आडवे ठेवावे. आधी तारेच्या ब्रशने एक्सलच्या उघड्या आट्यांवरचा गंज खरवडून काढावा. या पायरीपासूनच डोळ्यांवर चष्मा हवा. मग कोन आणि एक्सल जिथे मिळतात तिथे पातळ तेलाचे काही थेंब सोडावेत. घट्ट ग्रीस किंवा नुसते इंजिन ऑइल इथे उपयोगी पडत नाही, कारण ते बारीक फटीत शिरत नाही. पातळ द्रव शिरतो, जसे कंदिलाच्या वातीत रॉकेल वर चढते तसा. म्हणून मेकॅनिक डिझेलमध्ये थोडे ऑइल मिसळून वापरतात. बाजारात यासाठी फवाऱ्याचे डबेही मिळतात. दोन-तीन तासांनी चाक उलटून दुसऱ्या बाजूने तेच करावे. मग रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी पुन्हा थोडे तेल.

आता दोन पाने घ्यावेत. एका बाजूचा कोन किंवा नट एका पान्याने घट्ट धरून दुसऱ्या बाजूचा फिरवावा. एकच पाना लावला तर सगळा एक्सल नुसता गोल फिरत राहतो आणि जोर वाया जातो. मागच्या चाकात आधी चेक नट, नंतर कोन. एक्सलच्या दोन्ही टोकांचे आटे सरळ असतात. पेडलच्या डाव्या बाजूसारखे ते उलटे नसतात. त्यामुळे समोरून पाहताना दोन्ही बाजू घड्याळाच्या उलट दिशेनेच सुटतात. चुकीच्या दिशेने जोर लावून आवळत जाण्याचे प्रकार फार होतात. आधी किंचित आवळून मग सैल करावे, अशी हलकी मागे-पुढे हालचाल केली की गंजाचा थर तुटतो. एकदम मोठा झटका देण्यापेक्षा हे जास्त कामाचे.

फार थोड्यांच्या ध्यानात येणारी एक गोष्ट अशी, की दोन्ही कोन सुटण्याची गरज नसते. एका बाजूचा कोन निघाला की पुरे. एक्सल दुसऱ्या बाजूने, त्या बाजूच्या अडलेल्या कोनासह, सरळ बाहेर येतो. त्यामुळे आधी जी बाजू कमी गंजलेली दिसते तिच्यावर प्रयत्न करावा. निम्मी ठोकाठोकी इथेच वाचते.

तरीही हलला नाही, तर पान्याचा दांडा लांब करावा. वीत लांबीच्या पान्यावर जेवढा जोर पडतो, त्याच्या तिप्पट जोर तीन विती लांबीच्या दांड्यावर त्याच हाताने पडतो. मात्र पाना नटावर नीट बसलेला हवा. सैल पाना सटकला की बोटांची हाडे थेट आऱ्यांवर आपटतात. ओढताना पाना आपल्याकडे येईल असे बसावे. ढकलताना सटकलेला हात जास्त जोराने आदळतो. उकळते पाणी जपून कोनावर ओतले तर धातू किंचित प्रसरण पावून गंजाचा थर भेगाळतो. पाणी पुसून पुन्हा तेल सोडावे. तेल लावलेल्या जागी मेणबत्ती, शेगडी किंवा कोणतीही ज्योत नेऊ नये. हबमधले ग्रीस आणि डिझेल पेट घेते आणि हात भाजतो.

एक बाजू सुटल्यावर एक्सल सरकवण्यासाठी हलका ठोका द्यावाच लागला, तर टोकावर जुना नट फिरवून ठेवावा, म्हणजे आटे वाचतात. त्यावर लाकडाचा ठोकळा धरावा आणि लाकडी मोगरीने ठोकावे. लाकूड चेपते, त्याची पोलादी कपची उडत नाही. चाक धरायला मुलांना बसवू नये. दोन विटांमध्ये किंवा दोन फळ्यांवर चाक टेकवले तरी ते स्थिर राहते. आजूबाजूला कुतूहलाने जमलेल्या पोरांनाही लांब पाठवावे.

इतके करूनही एक्सल निघाला नाही, तर तो मेकॅनिककडे न्यावा. त्याच्याकडे एक्सल पकडायचा व्हाइस असतो, मागच्या चाकाचे फ्रीव्हील काढायचे हत्यार असते आणि शेवटी एक्सल कापून नवा टाकण्याची सोय असते. एक्सल, कोन आणि छर्रे हे सायकलचे स्वस्तातले भाग. डोळा बदलून मिळत नाही.

गंज आणि धनुर्वात

आता त्या जुन्या समजाकडे वळू. धनुर्वात गंजामुळे होत नाही. तो माती आणि शेणात राहणाऱ्या एका जंतूमुळे होतो. या जंतूचे बीजाणू वर्षानुवर्षे मातीत टिकतात. खोल, अरुंद, मळकट जखमेत, जिथे हवा पोहोचत नाही, तिथे ते वाढतात आणि स्नायू आकडून टाकणारे विष तयार करतात. चकचकीत नव्या खिळ्यावर शेणमाती असेल तर त्यानेही धनुर्वात होऊ शकतो. शेतातून आलेल्या सायकलच्या हबवर मात्र गंजाबरोबर माती असतेच, म्हणून तो समज अगदीच निराधार नाही.

पाना सटकून किंवा आऱ्यांत बोट अडकून जखम झाली, तर ती पाच-दहा मिनिटे वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावी. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे. जखमेत राख, शेण, ग्रीस किंवा रॉकेल भरू नये. लसीचा शेवटचा डोस घेऊन पाच वर्षांहून अधिक काळ झाला असेल आणि जखम मळकट असेल, तर पुन्हा डोस घ्यावा लागतो. जखम स्वच्छ आणि किरकोळ असेल तर ही मुदत दहा वर्षांची. लहानपणी लसीकरण पूर्ण झाले की नाही हेच ठाऊक नसेल, तर तसे डॉक्टरांना सांगावे. मळकट, खोल जखमेत अशा व्यक्तीला लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागू शकते. सरकारी लसीकरणात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी ही धनुर्वात आणि घटसर्पाची लस मिळते. शाळेत येणारी ही लस मुलांची चुकू देऊ नये. एक दिवस उशीर झाला म्हणून दवाखान्यात जाणे टाळू नये. धनुर्वाताची लक्षणे दिसायला बहुधा काही दिवस ते तीन आठवडे लागतात.

बाटलीतले डिझेल

गंज सोडवण्यासाठी आणलेले डिझेल किंवा रॉकेल बहुतेक वेळा थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत असते आणि काम संपल्यावर ती बाटली अंगणात किंवा चुलीजवळच्या कोनाड्यात राहते. लहान मूल ती पाणी समजून तोंडाला लावते. या द्रवाचा धोका पोटापेक्षा फुप्फुसांना जास्त असतो. पातळपणामुळे जे डिझेल केसाएवढ्या फटीत शिरते, तेच घशातून श्वासनलिकेतही सहज उतरते आणि फुप्फुसांना सूज आणते. म्हणून अशा मुलाला उलटी करवू नये. मिठाचे पाणी, दूध, तेल पाजू नये. उलटी होताना ते द्रव्य पुन्हा घशाशी येते आणि फुप्फुसांत जाण्याची भीती वाढते. भिजलेले कपडे काढावेत, अंग धुवावे आणि खोकला, धाप नसली तरी मुलाला लगेच दवाखान्यात न्यावे. बाटली सोबत न्यावी. त्याहून सोपे म्हणजे हे द्रव पेयाच्या बाटलीत ठेवूच नये.

वर्षातून एकदा

एक्सल निघाल्यावर हब रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन, पुसून कोरडा करावा. छर्रे काढताना खाली फडके पसरावे आणि ते मोजून ठेवावेत. साध्या सायकलच्या पुढच्या चाकात सहसा प्रत्येक बाजूला दहा आणि मागच्या चाकात प्रत्येक बाजूला नऊ असतात. खड्डे पडलेले छर्रे आणि कोन पुन्हा वापरू नयेत. वाटीत भरपूर घट्ट ग्रीस भरावे, आट्यांनाही त्याचा हात फिरवावा. कोन इतकाच आवळावा, की चाक हातात धरून हलवले तर डुगडुगू नये आणि सोडले तर व्हॉल्व्हच्या जड बाजूने हळूच खाली येऊन थांबावे.

हे काम वर्षातून एकदा, पावसाळा संपताच केले तर एक्सल अडतच नाही. गंजाला सगळा हिवाळा आणि उन्हाळा मोकळा मिळतो, तेव्हाच तो आट्यांत घट्ट बसतो. ज्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या आहेत, त्यांच्या शाळांमध्ये दिवाळीच्या सुट्टीआधी एखाद्या मेकॅनिकला बोलावून दोन तास हे दाखवले, तर त्याचा उपयोग प्रमाणपत्रापेक्षा जास्त काळ टिकेल.

आणि चष्मा. हार्डवेअरच्या दुकानात बाजूंनी झाकलेला, पॉलिकार्बोनेटचा संरक्षक चष्मा थोडक्या पैशांत मिळतो. नंबरचा साधा चष्मा समोरचा कण काही अंशी अडवतो, पण बाजूने मोकळाच असतो. घरात पाना, हातोडा आणि पंक्चरचे सामान ज्या डब्यात असते, त्यात हा चष्माही असावा. सायकलचे काम करणाऱ्या प्रत्येकाने तो घालावा, आणि शेजारी कोणी मूल उभे असेल तर आधी त्याला लांब पाठवून मगच पाना उचलावा.